नैर्ऋत्य मॉन्सूनची माघार

भारतीय उपखंडावर जून ते सप्टेंबर या काळात वाहणारे आर्द्र नैर्ऋत्य वारे क्षीण होऊन त्यांच्या जागी कोरडी, स्थिर व निरभ्र हवा क्रमाक्रमाने प्रस्थापित होण्याच्या प्रक्रियेस नैर्ऋत्य मॉन्सूनची माघार किंवा निवर्तन असे म्हणतात. ही प्रक्रिया साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यास राजस्थानच्या पश्चिम भागात सुरू होते व ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाच्या बहुतेक सर्व भागांत पूर्ण होते. भारतीय ऋतुमानानुसार वर्षा व शरद या दोन ऋतूंमधील हा संधिकाल होय. महाराष्ट्रात या काळात पडणाऱ्या पावसास ‘परतीचा पाऊस’ म्हणतात. खरीप पिकांची काढणी, रब्बीची पेरणी, धरणांतील पाणीसाठा आणि सागरी वाहतूक या सर्वांवर माघारीच्या वेळेचा व स्वरूपाचा परिणाम होत असल्याने मॉन्सूनच्या आगमनाइतकेच त्याच्या माघारीलाही महत्त्व आहे.

स्वरूप : ‘मॉन्सून’ हा शब्द ऋतू या अर्थाच्या ‘मौसिम’ या अरबी शब्दावरून आला असून ऋतूनुसार वाऱ्यांच्या दिशेत होणारा पालट हे मॉन्सूनचे प्रधान लक्षण आहे. म्हणून माघार म्हणजे केवळ पाऊस थांबणे नव्हे. जुलै-ऑगस्टमध्येही पावसात खंड पडतो व काही दिवस उघडीप मिळते. परंतु त्या वेळी वातावरणातील आर्द्रता टिकून असते आणि वाऱ्यांची मूळ रचना मोडलेली नसते. माघारीच्या वेळी मात्र ही रचनाच बदलते. पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे मंदावतात, ढगांचे सलग आच्छादन विरळ होते, हवेतील बाष्पाचे प्रमाण घटते, दिवसाचे तापमान वाढते, रात्रीचे कमी होऊ लागते आणि पहाटे दव पडू लागते.

आगमन आणि माघार यांच्या दिशा साधारणतः परस्परविरुद्ध आहेत. मॉन्सून केरळमध्ये १ जूनच्या सुमारास पोहोचतो व वायव्य भारतात सर्वांत शेवटी जातो. माघार मात्र वायव्येकडून सुरू होते. त्यामुळे पश्चिम राजस्थानच्या वाट्याला मॉन्सूनचे जेमतेम अडीच महिने येतात, तर दक्षिणेकडील प्रदेशांत त्याचा मुक्काम चार महिन्यांहून अधिक असतो.

कारणमीमांसा : जमीन व समुद्र यांच्या असमान तापण्यातून मॉन्सूनचे वारे निर्माण होतात, ही उपपत्ती एडमंड हॅली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १६८६ मध्ये मांडली. पुढे पृथ्वीच्या परिवलनाचा, हिमालय व तिबेटच्या पठाराचा तसेच वातावरणाच्या वरच्या थरांतील वाऱ्यांचा प्रभाव लक्षात आल्यावर ही उपपत्ती बरीच विस्तारली. तथापि माघारीचे मूळ कारण सूर्याच्या दक्षिणायनात आहे, हे तिच्या आधारे सहज समजते. सु. २३ सप्टेंबरच्या शरदसंपातानंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस जातो. आशिया खंडाच्या अंतर्भागास मिळणारी उष्णता कमी होते आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर निवू लागते.

उन्हाळ्यात पाकिस्तान व थरचे वाळवंट यांवर निर्माण झालेले औष्णिक न्यूनदाब क्षेत्र समुद्रावरील बाष्पयुक्त हवा उपखंडाकडे खेचून घेण्यास साहाय्यभूत होत असते. सप्टेंबरमध्ये ते भरून येऊ लागते, म्हणजे तेथील वायुदाब वाढतो. गंगेच्या मैदानावर वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेली मॉन्सूनची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) दुर्बल होऊन दक्षिणेकडे सरकते व ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरावर स्थिरावते. वायव्य भारतावर याच वेळी अपसारी चक्रवाताची रचना प्रस्थापित होते. तीत हवा वरून खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व तिची सापेक्ष आर्द्रता घटते. परिणामी असलेले ढग विरतात आणि नवे ढग फारसे वाढू शकत नाहीत. शरदातील निळ्या आकाशाचे रहस्य हवेच्या या अधोगतीत आहे.

वरच्या थरांतही मोठे फेरबदल होतात. पावसाळ्यात द्वीपकल्पावर सु. १४ ते १६ किमी. उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्ण कटिबंधीय पूर्वी झोतवारा मंदावून नाहीसा होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५०–६० च्या दशकात या झोतवाऱ्याचा पद्धतशीर अभ्यास केला होता. उन्हाळ्यात हिमालयाच्या उत्तरेस गेलेला पश्चिमी झोतवारा ऑक्टोबरमध्ये पुन्हा हिमालयाच्या दक्षिणेस येतो. अरबी समुद्रावर सु. १·५ किमी. उंचीवरून वाहत येऊन पश्चिम किनाऱ्याला बाष्प पुरविणारा निम्नस्तरीय झोतवाराही विरतो. जे. फिन्डलेटर यांनी १९६९ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले होते. हा वारा थांबला, की सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर हवा बळाने वर चढणे थांबते आणि कोकण व घाटमाथा येथील संततधार संपते.

माघारीचे निकष : १८७५ मध्ये स्थापन झालेला भारतीय हवामानविज्ञान विभाग माघारीची घोषणा ठराविक निकषांवर करतो. १ सप्टेंबरनंतर वायव्य भारताच्या पश्चिम भागात सलग पाच दिवस पाऊस झालेला नसणे, वातावरणाच्या खालच्या थरात (८५० मिलिबार पातळीपर्यंत) अपसारी चक्रवात प्रस्थापित होणे आणि हवेतील बाष्पात लक्षणीय घट होणे, हे तीन निकष त्यासाठी एकत्रितपणे पाहिले जातात. बाष्पाचा अंदाज उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांवरून व फुग्यांच्या साहाय्याने केलेल्या ऊर्ध्व निरीक्षणांवरून बांधतात. त्यानंतर कोरड्या हवेचे क्षेत्र जसजसे सलगपणे विस्तारते, तसतशी नकाशावरील माघारीची रेषा पुढे सरकवली जाते. दक्षिण द्वीपकल्पातून मॉन्सून परतल्याचे १ ऑक्टोबरपूर्वी जाहीर केले जात नाही. तेथे वाऱ्यांची नैर्ऋत्य दिशा बदलल्याची खात्री करून घेतली जाते.

एका ठिकाणी माघार सुरू झाली म्हणजे देशात सर्वत्र पावसाळा संपत आला, असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. २०२५ मध्ये पश्चिम राजस्थानातून माघारीला १४ सप्टेंबर रोजी, म्हणजे सरासरी तारखेच्या तीन दिवस आधी, प्रारंभ झाला. परंतु त्याच महिन्याच्या उत्तरार्धात मराठवाड्यात व सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन सीना व इतर नद्यांना मोठे पूर आले. माघारीच्या रेषेच्या दक्षिणेस मॉन्सून पूर्ण जोमाने कार्यरत असू शकतो, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रातील ऋतुपालट : महाराष्ट्रातून मॉन्सून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. मुंबईसाठी माघारीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर ही आहे. पंचांगाच्या परिभाषेत सूर्य सप्टेंबरच्या मध्यास उत्तरा, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा नक्षत्रात प्रवेश करतो. शेतकरी पावसाचा हिशेब या नक्षत्रांवर ठेवीत आले आहेत. हस्ताच्या पावसाला ग्रामीण भागात ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात आणि याच नक्षत्राशी निगडित असलेल्या हादगा अथवा भोंडल्याच्या खेळात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात. नद्यांचे पूर ओसरून वाटा मोकळ्या होण्याचा हा काळ असल्याने मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत. आश्विन पौर्णिमेस साजरी होणारी कोजागरीही आकाश निरभ्र होण्याच्या याच अवस्थेशी सुसंगत आहे.

ढगांचे आच्छादन दूर झाल्यावर सूर्याची किरणे जमिनीवर थेट पोहोचतात. जमीन अजून ओली असल्याने बाष्पीभवन चालू राहते व हवा दमट राहते. उष्णता आणि दमटपणा यांच्या संयोगामुळे होणाऱ्या काहिलीस ‘ऑक्टोबरचा उन्हाळा’ असे म्हणतात. मुंबईत ऑक्टोबरमधील सरासरी कमाल तापमान सप्टेंबरपेक्षा सु. २ ते ३° से. ने अधिक असते. आयुर्वेदात शरद ऋतू हा पित्तप्रकोपाचा काळ मानला आहे. कोकणात याच सुमारास जोरदार मोसमी वाऱ्यांखाली दबून गेलेले स्थानिक वारे पुन्हा जाणवू लागतात : दुपारी समुद्राकडून खारे वारे व पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. देशावर रात्री आकाश स्वच्छ असल्याने जमिनीतील उष्णता प्रारणाने अवकाशात निघून जाते. त्यामुळे दिवस व रात्र यांच्या तापमानांतील फरक वाढत जातो आणि नोव्हेंबरपासून हिवाळ्याची चाहूल लागते.

परतीचा पाऊस : परत फिरणारे वारे जाताना पुन्हा पाऊस देऊन जातात, अशी समजूत ‘परतीचा पाऊस’ या नावामुळे रूढ झाली आहे. वस्तुतः या पावसाची घडण भर पावसाळ्यातील पावसाहून वेगळी असते. माघारीच्या सुमारास हवेच्या खालच्या थरात बाष्प शिल्लक असते, तर वरच्या थरात कोरडी हवा आलेली असते. सकाळचे कडक ऊन जमीन तापवते, तिच्या संपर्कातील दमट हवा हलकी होऊन वेगाने वर चढते व निवते आणि तिच्यातील बाष्पाचे संद्रवण होऊन सुप्त उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे हवा आणखी वर चढत राहते आणि दुपारपर्यंत उंच गर्जन्मेघ तयार होतात. म्हणून हा पाऊस बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी, विजांच्या कडकडाटासह व जोरदार वाऱ्यासह पडतो. एका गावात तो ओढे-नाले वाहवतो, तर शेजारचे शिवार कोरडे राहते. याच काळात शेतात काढणी चालू असल्याने वीज पडून जीवितहानी होण्याचा धोका मोठा असतो. गर्जना ऐकू येताच काम थांबवून पक्क्या इमारतीचा आसरा घेणे आणि एकट्या झाडाखाली उभे न राहणे, ही खबरदारी अत्यावश्यक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारी ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनी प्रणाली याच हेतूने विकसित केली आहे.

परतीच्या काळातील पावसाचा दुसरा प्रकार बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे येणाऱ्या न्यूनदाब क्षेत्रांमुळे पडतो. हा पाऊस विस्तृत प्रदेशावर व दोन-तीन दिवस सलग पडू शकतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आंध्र प्रदेशाचा किनारा काकिनाडाजवळ ओलांडून आलेले एक तीव्र न्यूनदाब क्षेत्र तेलंगण व महाराष्ट्र या राज्यांवरून अरबी समुद्राकडे गेले. त्यामुळे हैदराबादेत हाहाकार उडाला आणि सोलापूर, पंढरपूर व पुणे या भागांत पूरस्थिती निर्माण झाली.

चक्री वादळे व ईशान्य मॉन्सून : जमिनीवर हवा स्थिरावत असताना समुद्रावर मात्र अस्थिरता वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रावर खालच्या थरात पश्चिमी व वरच्या थरात पूर्वी असे परस्परविरुद्ध वेगवान वारे वाहत असतात. त्यांच्यातील तीव्र फरकामुळे वादळाचा उभा स्तंभ तुटतो व ते मोठे होऊ शकत नाही. माघारीबरोबर हा फरक कमी होतो; समुद्राचे पाणी तर उबदारच असते. त्यामुळे ऑक्टोबर व नोव्हेंबर हे महिने बंगालच्या उपसागरातील उग्र चक्री वादळांचे ठरतात. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशातील दिवी सीमा भागावर आणि २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आलेल्या वादळांत प्रत्येकी सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. अरबी समुद्रात अशी वादळे तुलनेने कमी होतात. तथापि नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ या महाचक्री वादळाने किनाऱ्यापासून दूर राहूनही कोकणात पाऊस पाडला. मासेमारीचा हंगाम ऑगस्टपासून सुरू झालेला असल्याने शरदातील शांत दिसणाऱ्या समुद्राविषयीचे इशारे मच्छीमारांनी गांभीर्याने घेणे आवश्यक असते.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उपसागरावरून ईशान्य वारे वाहू लागतात व बाष्प घेऊन द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्यावर पाऊस देतात. तमिळनाडूच्या वार्षिक पर्जन्यापैकी जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. म्हणजे महाराष्ट्रात पावसाळा संपतो, तेव्हा तेथे तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. प्राचीन काळापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिडाची गलबते याच ईशान्य वाऱ्यांच्या आधाराने अरबस्तान व पूर्व आफ्रिकेकडे जात आणि पुढील नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर परतत.

शेतीवरील परिणाम : परतीचा पाऊस एकाच वेळी हवासा व नकोसा असतो. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव व पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग या अवर्षणप्रवण पट्ट्यात रब्बी ज्वारी हे प्रमुख पीक असून ते जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. भारी काळी जमीन सप्टेंबरमधील पाऊस धरून ठेवते. पाऊस थांबून वापसा आला, की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते. मालदांडी ज्वारीचे पीक त्यानंतर फारसा पाऊस न होताही ओल व दव यांवर हाती येऊ शकते. म्हणून या पट्ट्यात उत्तरा व हस्त नक्षत्रांतील पाऊस चुकला, तर धान्याबरोबर जनावरांचा कडबाही जातो. उलट पाऊस लांबला, तर वापसा येत नाही व पेरणीची योग्य वेळ टळते.

खरीप पिकांना मात्र या काळात कोरडी हवा हवी असते. कोकण व मावळातील हळवे भात कापणीला आलेले असते. पाऊस झाल्यास ते आडवे होते व लोंबीतील दाण्यांना मोड येतात. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या शेंगा उभ्या पिकात किंवा गंजीत भिजून दाणे काळे पडतात, तर फुटलेल्या बोंडांतील कापूस भिजून त्याची प्रत घसरते. नाशिक परिसरात ऑक्टोबरमधील छाटणीनंतर द्राक्षवेलींना कोवळी फूट आलेली असते. पाऊस व दमट हवा यांमुळे तिच्यावर केवडा रोग पडतो. कोकणात ओल फार काळ राहिली, तर आंब्याला मोहोराऐवजी पालवी फुटते व हंगाम लांबतो. चार महिन्यांचे कष्ट व गुंतवणूक हाती येण्याच्या नेमक्या वेळी हे नुकसान होत असल्याने ते भरून काढण्यास त्या हंगामात संधी उरत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात याचा व्यापक प्रत्यय आला.

पाण्याच्या नियोजनातही माघारीला स्थान आहे. महाराष्ट्रातील धरणांतील १५ ऑक्टोबरचा साठा हा पुढील आठ महिन्यांच्या नियोजनाचा आधार धरला जातो. धरणे भरलेली असताना परतीचा जोरदार पाऊस झाल्यास ते पाणी साठविण्यास जागा नसते व ते नदीत सोडावे लागते. म्हणून या काळात साठा राखणे आणि पूर टाळणे यांचा मेळ घालणे कठीण होते.

बदललेले वेळापत्रक : आगमन व माघार यांच्या पूर्वीच्या सरासरी तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोजक्या केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. हवामानविज्ञान विभागाने २०२० मध्ये त्या सुधारल्या. माघारीसाठी १९७१ ते २०१९ या काळातील नोंदी विचारात घेण्यात आल्या. त्यानुसार वायव्य भारतातील माघारीच्या प्रारंभाची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर, दिल्लीची २२ ऐवजी २५ सप्टेंबर व मुंबईची २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. संपूर्ण देशातून माघार पूर्ण होण्याची १५ ऑक्टोबर ही तारीख मात्र कायम राहिली. म्हणजे माघार उशिरा सुरू होते, पण पूर्वीपेक्षा कमी दिवसांत पूर्ण होते.

प्रत्यक्षात या तारखांपासून मोठे विचलन होते. २०१९ मध्ये माघारीचा प्रारंभ ९ ऑक्टोबर रोजी झाला. तोपर्यंतच्या नोंदींत तो सर्वांत उशिराचा होता (त्यापूर्वी १९६१ मध्ये ही तारीख १ ऑक्टोबर होती). त्या वर्षी सप्टेंबरमधील देशाचा पाऊस सरासरीच्या सु. दीडपट होता. एवढ्या उशिरा सुरू होऊनही माघार अवघ्या आठवडाभरात, १६ ऑक्टोबरला पूर्ण झाली. याउलट २०२० मध्ये ती २८ सप्टेंबरला सुरू होऊन २८ ऑक्टोबरपर्यंत रेंगाळली.

पावसाच्या हिशेबातही यामुळे एक विसंगती राहते. नैर्ऋत्य मॉन्सूनचा अधिकृत काळ १ जून ते ३० सप्टेंबर हा असून त्यातील देशाची दीर्घकालीन सरासरी सु. ८७ सेंमी. आहे. महाराष्ट्रात मॉन्सून ऑक्टोबरमध्ये परतत असल्याने त्या महिन्यातील पाऊस मॉन्सूनोत्तर काळात मोजला जातो. त्यामुळे चार महिन्यांची आकडेवारी समाधानकारक दिसत असतानाही त्यानंतरच्या पंधरवड्यात पिकांचे नशीब पालटू शकते. पेरणीचा मुहूर्त, काढणीची घाई, मळणी व साठवणीची सोय तसेच पीकविम्याची मुदत ठरविताना केवळ पावसाच्या एकूण प्रमाणाकडे न पाहता माघारीच्या अंदाजाकडेही तितक्याच बारकाईने पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.